ओ पॉझिटिव्हची चिठ्ठी

लॉकडाऊनच्या पहिल्या दीड-दोन महिन्यांत माझ्या लॅबमध्ये शुगर तपासायला माणूस फिरकत नव्हता, पण रक्तगट काढायला दाराशी रांग लागायची. चुन्याने आखलेल्या गोलांत लोक उभे असायचे. तोंडाला दुपट्टा, हातात पन्नासची नोट, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: "भाऊ, माहा ग्रुप काहाडून द्या. ओ निंघाला त मंग काई भेव नाई न?"

माझी लॅब यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीच्या पलीकडे आहे. बारा बाय दहाची खोली, एक मायक्रोस्कोप, एक सेंट्रिफ्यूज, एक फ्रीज आणि त्या फ्रीजला जिवंत ठेवणारा इन्व्हर्टर. डीएमएलटी, म्हणजे लॅबचा डिप्लोमा, करून दुकान मांडलं तेव्हापासून गर्भारपण, टायफॉइड, मलेरिया, शुगर आणि कॉलेजच्या फॉर्मसाठी रक्तगट, एवढ्यावर संसार चालतो. शिल्लक राहिलंच तर बाजाराच्या दिवशी भजी. रक्तगटासाठी आपणहून रांग लावणारी जनता मी त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच पाहिली.

झालं होतं असं की व्हॉट्सॲपवर मेसेज फिरत होता. वुहानच्या डॉक्टरांनी शोधलंय, ए गटवाल्यांना कोरोना लवकर होतो आणि ओ गटवाल्यांना होतच नाही. यातल्या पहिल्या अर्ध्याला आधार होता. दुसरा अर्धा वुहान ते घाटंजी या प्रवासात कुणीतरी जोडून दिला.

मार्च २०२० मध्ये वुहान आणि शेनझेनच्या दवाखान्यांतल्या २,१७३ रुग्णांचे रक्तगट तपासून एक कच्चा, म्हणजे इतर शास्त्रज्ञांनी अजून न तपासलेला, निबंध बाहेर आला होता. वुहानच्या सामान्य लोकांत ए गट सुमारे ३२ टक्के आणि तिथल्या रुग्णांत जवळपास ३८ टक्के. ओ गट लोकांत जवळपास ३४ टक्के आणि रुग्णांत २६ टक्क्यांच्या आसपास. फरक दिसतो, नाही म्हणता येत नाही. पण हाच आकडा दुसऱ्या बाजूने वाचा: आजारी पडलेल्या दर चार माणसांत एक ओ गटाचा होता. हे गणित मी रांगेतल्या लोकांना बोटांवर मोजून दाखवायचो. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि बोट पुढे करायचे.

आता हे रक्तगट काढणं काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं त्यात मोठी मशीन लागते. लागते ती काचपट्टी. बोट स्पिरिटच्या कापसाने पुसायचं, लॅन्सेटने टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा. मग काचेवर रक्ताचे तीन थेंब. पहिल्यावर निळ्या बाटलीतलं अँटी-ए (ए गटाच्या पेशींना गुठळ्या धरायला लावणारं औषध), दुसऱ्यावर पिवळ्या बाटलीतलं अँटी-बी, तिसऱ्यावर बिनरंगी अँटी-डी. वेगवेगळ्या काड्यांनी ढवळायचं आणि काच हातात धरून दोन मिनिटं हळूहळू डोलवायची. ज्या थेंबात गुठळ्या धरतात तो गट. गुठळी झालेला थेंब बारीक रव्यासारखा फुटतो, मधे स्वच्छ पाणी दिसतं. न झालेला कालवलेल्या कुंकवासारखा एकसारखा लाल राहतो. पहिले दोन थेंब लाल आणि तिसरा रवा, की माणूस ओ पॉझिटिव्ह.

यात गोम आहे ती आमच्याकडच्या उन्हाची. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असतो, कूलर सरळ टेबलावर वारा मारतो, आणि दोन मिनिटं पूर्ण व्हायच्या आत थेंबाच्या कडा वाळायला लागतात. वाळलेली कड नवशिक्याला गुठळीसारखी दिसते. उलटीही चूक होते: फ्रीज बंद पडून बाटली तापली किंवा जुनी झाली, तर जिथे गुठळी धरायला हवी तिथे धरत नाही आणि बी गटाचा माणूस ओ म्हणून घरी जातो.

असा एक माणूस माझ्याकडे आला. आमच्या इथले एक मास्तर. शाळेत कधीकाळी झालेल्या शिबिरात त्यांना ओ पॉझिटिव्ह लिहून मिळालं होतं. ओळखपत्रावर ओ, लायसन्सवर ओ. (लायसन्सवर आपण फॉर्मवर जो लिहितो तोच छापून येतो, तिथे कुणी बोट टोचत नाही.) चौकात उभं राहून ते लोकांना सांगायचे, मी ओ आहे, मला काय होतं. माझ्याकडे फक्त खात्री करायला आले. पिवळा थेंब रव्यासारखा फुटला. मी दुसरी पट्टी घेतली, दुसऱ्या बोटाचं रक्त घेतलं, बाटली बदलली. पुन्हा तेच. बी पॉझिटिव्ह. मास्तर काचेकडे असे पाहत राहिले जसं मी त्यांचं शेत कुणाच्या तरी नावावर करून दिलं. "म्हणजे वीस वर्षं मी कोणाचा ग्रुप घेऊन फिरलो?" असं म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून मास्क नाकाच्या वर आला. चूक दुरुस्त झाल्याचा त्या वर्षातला एवढाच फायदा मला आठवतो.

तसा ओ हाही काचेवर दिसतो तितका साधा गट नाही. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत असं रक्त शोधलं की जे अशा पट्टीवर हुबेहूब ओ दिसतं, पण त्या माणसाला ओ गटाचंही रक्त चालत नाही. त्यालाच बॉम्बे ब्लड ग्रुप म्हणतात. तो पकडायला वेगळं अँटी-एच लागतं, आणि रक्तपेढीत पेशींसोबत सीरमची, म्हणजे पेशी वगळून उरलेल्या पाण्याचीही उलट तपासणी करतात. माझ्या टेबलावर ते होत नाही. म्हणून चिठ्ठीवर मी रक्त चढवण्यासाठी पेढीत पुन्हा तपासा असा शिक्का मारतो. तो शिक्का आजवर कुणी वाचलेला नाही.

चक्कीवाले भाऊ त्या रांगेत आले ते मेच्या मध्यावर. डोक्यापासून पायापर्यंत पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. लॉकडाऊनमध्ये चक्की चालू होती, उलट जास्तच चालू होती, रेशनचा गहू दळायला गाव त्यांच्याकडे यायचं. वय अठ्ठावन्न, वजन नव्वदच्या वर, शुगर बारा वर्षांची. लॉकडाऊन लागायच्या आधी मार्चमध्ये त्यांनी उपाशीपोटी शुगर दिली होती आणि रिपोर्ट न्यायला आले नव्हते. आकडा होता २६८. मी फोन केला होता, "मंग नेतो" म्हणाले होते. रिपोर्ट ड्रॉवरमध्ये होता, ते समोर उभे होते, आणि मी त्यांना म्हणालोही, की भाऊ, तुमचं कागद पडलंय इथं.

"ते राहू दे. ग्रुप काहाड."

काढला. दोन थेंब लाल, तिसरा रवा. मी चिठ्ठी लिहिली आणि रांग लांब होती, ऊन होतं, थट्टेच्या भरात बोलून गेलो: "घ्या भाऊ, ओ निंघाला. आता बिनधास्त राहा." त्यांनी चिठ्ठी कपाळाला लावली, घडी घालून शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि शुगरचा रिपोर्ट न नेता गेले.

पुढे चार-सहा दिवसांनी दळण न्यायला गेलो तर चक्कीच्या दांडीवर, जिथे वीजबिल अडकवायचं, तिथे प्लॅस्टिकमध्ये घालून माझी चिठ्ठी लटकवलेली. खाली माझी सही.

त्या पावसाळ्यात मी जरा जास्त वाचायला लागलो. लॅबवाला असल्याने लोक विचारत होते, आणि उत्तर देताना माझीच फजिती होत होती. जून २०२० मध्ये इटली आणि स्पेनमधल्या श्वास बंद पडायला आलेल्या रुग्णांचा मोठा अभ्यास छापून आला. त्यांनी जनुकंच तपासली होती. नवव्या गुणसूत्रावर जिथे आपला ए-बी-ओ ठरतो तिथे खूण सापडली: ए गटाला धोका बाकीच्यांपेक्षा जास्त, ओला कमी. दुसरी खूण तिसऱ्या गुणसूत्रावर. त्या दुसरीबद्दल पुढे जनुकशास्त्रज्ञ स्वान्ते पाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की तो तुकडा निअँडरथल या नामशेष झालेल्या माणसाकडून आलेला आहे, आणि युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत असला तरी आपल्या दक्षिण आशियात जवळपास निम्म्या लोकांत आहे. त्याची चिठ्ठी मागायला माझ्याकडे कुणी आलं नाही. पन्नास रुपयांत तो निघतही नाही.

असं का होत असावं याचे दोन-तीन अंदाज शास्त्रज्ञांनी मांडले. मला पटलेला पहिला असा: आपल्या पेशींवर साखरेचे शेंडे असतात. (चक्कीवाल्या भाऊंची साखर वेगळी, ही वेगळी.) ए गटाला एक शेंडा, बी गटाला दुसरा, एबीला दोन्ही, ओला दोन्ही नाहीत. ज्याच्याकडे जो शेंडा नाही त्याविरुद्ध त्याच्या रक्तात आधीपासून अँटिबॉडी तयार असते. म्हणजे ओ गटाकडे दोन्ही, अँटी-ए आणि अँटी-बी. ए गटाच्या माणसाच्या शरीरातून बाहेर पडलेला विषाणू त्याच्याच साखरेचा वेष घालून येत असेल, तर ओ गटाचं रक्त त्या वेषाला ओळखून थोडा अडवू शकेल. पण समोरून येणारा विषाणू ओ गटाच्याच माणसाकडून आला तर? मग वेषच नाही, अडवायचं काय? आमच्या भागात गर्दी बी आणि ओचीच. ओकडून ओला हा रस्ता सताड उघडा.

दुसरा अंदाज रक्त गोठण्याचा. ओ नसलेल्यांच्या रक्तात गोठायला मदत करणारं फॉन विलेब्रांड नावाचं प्रथिन जास्त असतं, ओमध्ये साधारण पाव हिश्शाने कमी. कोरोनात फुफ्फुसात गुठळ्या धरायच्या, त्यामुळे तिथेही ओला थोडा फायदा असू शकतो. तिसरा असा की विषाणूचा चिकटणारा भाग श्वासनलिकेतल्या ए शेंड्याला जास्त चिकटतो, असं प्रयोगशाळेत दिसलं.

एकीकडे हे, आणि दुसरीकडे आकड्यांची कुस्ती. डेन्मार्कने ४ लाख ७३ हजारांवर तपासलेले लोक पाहिले. पॉझिटिव्ह आलेल्यांत ओ ३८.४ टक्के, देशात ४१.७. फरक तीन टक्क्यांचा. आपल्याकडे सीएसआयआर या सरकारी संशोधन परिषदेने आपल्या प्रयोगशाळांतल्या १०,४२७ माणसांच्या अँटिबॉडी पाहिल्या. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास लोकांना संसर्ग होऊन गेलेला. ओला धोका कमी, बी आणि एबीला जास्त. वुहानमध्ये ए बदनाम, इथे बी. दिल्लीच्या सर गंगाराम रुग्णालयाने २,५८६ रुग्ण पाहिले तर ए आणि बी जास्त, एबी उलट कमी, आणि आजार किती गंभीर होईल याचा गटाशी संबंधच सापडला नाही. आणि एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत युटा, आयडाहो, नेवाडामधल्या १ लाख ७ हजारांवर लोकांचा अभ्यास आला: काहीच संबंध नाही, ना लागण व्हायला ना वाढायला.

सीएसआयआरच्या त्या पाहणीत शाकाहारी आणि सिगारेट ओढणाऱ्यांतही अँटिबॉडी कमी दिसल्या होत्या. आमच्या पानठेल्यावाल्याने ती बातमी कापून काउंटरच्या काचेखाली लावली. रक्तगटाचा भाग कापताना फाटला, सिगारेटचा शाबूत राहिला.

मला स्वतःलाही हा आजार झाला. मी ओ पॉझिटिव्ह आहे. इतकं वाचून, इतरांना गणित सांगून, फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावतीकडे एका साक्षगंधाला गेलो आणि मास्क खिशात ठेवून तीनशे माणसांच्या पंगतीत जेवलो. का, तर दिवाळीनंतर केसेस कमी झाल्या होत्या आणि, खरं सांगतो, मनाच्या एका कोपऱ्यात तो ओ बसलेला होता. त्याच महिन्यात अमरावतीत पुन्हा लॉकडाऊन लागला. मला पाचव्या दिवशी ताप, नवव्या दिवशी ऑक्सिजन ९१. एका वसतिगृहात उघडलेल्या सेंटरमध्ये अकरा दिवस काढले. बायको ए पॉझिटिव्ह, माझ्याकडूनच तिला झाला, तिचा फक्त वास गेला. चार दिवस फोडणीचा वास येत नाही म्हणून चिडचिड करत होती, बस. खोलीत आम्ही सहा जण. सवयीने मी सगळ्यांना गट विचारले. तीन ओ, दोन बी आणि एकाला माहीतच नव्हता. यावरून काही सिद्ध होत नाही हे मला कळतं. सहा खाटांवरून काही ठरत असतं तर वुहानला दोन हजार कशाला लागले असते. आमच्या घरातल्या दोघांवरून ए भारी आणि ओ वाईट असंही ठरत नाही. पण तिथे रात्री छताकडे पाहत पडल्यावर चक्कीवरची ती प्लॅस्टिकमधली चिठ्ठी डोळ्यांसमोर यायची.

१ मार्चपासून साठीच्या वरच्यांना आणि १ एप्रिलपासून पंचेचाळीसच्या वरच्यांना लस सुरू झाली होती. सेंटरमधून सुटल्यावर मी चक्कीवर गेलो. धाप लागत होती, दोनदा थांबून गेलो. भाऊंना म्हटलं, लस घेऊन घ्या. ते माझ्या उतरलेल्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "तू ओ असून झाला तुले?" म्हटलं, हो. "मंग तुह्या मशीनमंदी काई चुकलं असंन." मी म्हटलं, भाऊ, मशीन नसतेच त्याला. त्यांनी हॉपरमध्ये गहू ओतला आणि पट्ट्याच्या आवाजात पुढचं काही ऐकू आलं नाही.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा मुलगा रात्री साडेअकराला दारात. तोवर आमच्याकडे लोक रक्तगट विचारायचे थांबले होते. आता सगळे डी-डायमर (रक्तातल्या गुठळ्यांची तपासणी) आणि सीटीचा स्कोअर (फुफ्फुस किती बिघडलं त्याचे पंचवीसपैकी गुण) विचारत होते. "स्कोअर किती?" हा त्या महिन्यातला रामराम होता. भाऊंचा १६ होता. जिल्ह्याच्या ठिकाणी खाट मिळायला दीड दिवस गेला, तोवर गाडीतच सिलेंडर. स्टेरॉइड सुरू झालं आणि शुगर ४८० वर गेली. इन्सुलिनवर ठेवलं. हे मला मुलगा रोज फोनवर सांगायचा, आणि दरवेळी माझी नजर त्या ड्रॉवरकडे जायची. अठ्ठावन्न वर्षं, नव्वद किलो, २६८. धोक्याचं जे काही होतं ते सगळं मला मार्च २०२० पासून माहीत होतं, छापून तयार होतं, आणि मी त्यांच्या हातात दिला तो भलताच कागद. माझ्या चुलत सासऱ्यांना त्याच आठवड्यात आम्ही गमावलं. त्यांचा गट मला माहीत नाही, कधी काढला नव्हता.

भाऊ तेवीस दिवसांनी परत आले. वजन चौदा किलो उतरलेलं. चक्की आता सूनबाई चालवतात. ते बाहेर खाटेवर बसून पैसे घेतात आणि पिठापासून लांब राहतात.

जुलैत, पेरण्या उरकल्यावर, ते मुलाच्या गाडीवर बसून लॅबमध्ये आले. दोन पायऱ्या चढून खुर्चीवर टेकले, श्वास जुळवायला मिनिटभर लागलं. मग हसले.

"तुहा ओ फेल गेला न बे."

मी काय बोलणार. म्हटलं, भाऊ, चुकलं माझं, तसं म्हणायला नको होतं.

"तू काय म्हनलं ते मले आठवत बी नाई," ते म्हणाले. मला मात्र शब्दन् शब्द आठवत होता. "तो माहा शुगरचा कागद होता तुह्यापाशी, तो हाये का फेकला?"

होता. ड्रॉवरच्या तळाशी, स्टेपलच्या गंजाचा डाग पडलेला. त्यांनी चष्मा काढून तो डोळ्यांजवळ नेला आणि तारीख वाचली, आकडा वाचला, पुन्हा तारीख वाचली.

"किती झाले याचे?"

"राहू द्या भाऊ."

"राहू दे कसं? तपासलं न तू." त्यांनी वरच्या खिशातून पन्नासची नोट काढून टेबलावर ठेवली, बाही वर केली आणि हात पुढे केला. "उपाशी आलो हावो. काहाड."